शाळेचा ताबा आणि उंटांसाठी गवत

अमेरिकेतल्या सिएटल शहराच्या बीकन हिल भागातली जुनी लाकडी शाळा ओस पडली होती. ११ ऑक्टोबर १९७२ रोजी कार्यकर्ते रोबेर्तो माएस्तास आणि त्यांच्या साथीदारांनी इमारत पाहण्याच्या निमित्ताने आत पाऊल टाकलं आणि तिथेच मुक्काम ठोकला. कारण होतं, प्रौढांना इंग्रजी शिकवणाऱ्या वर्गांचं अनुदान बंद होण्याचं. नळाला पाणी नाही, खोल्यांत ऊब नाही. तरी ऐन हिवाळ्यात माणसं हटली नाहीत. अखेर शहराने वर्षाला १ डॉलर भाड्याने जागा दिली.

हेच ‘एल सेंत्रो दे ला रासा’, लॅटिनो समाजाचं केंद्र.

आज तिथे क्युबाचे कवी होसे मार्ती यांच्या नावाची बालवाडी, शाळा सुटल्यानंतरचे वर्ग आणि गरजूंसाठी धान्यवाटप चालतं. शेजारच्या ‘प्लाझा रोबेर्तो माएस्तास’मध्ये परवडणाऱ्या भाड्याची ११२ घरं आहेत.

अशा लॅटिनो वस्त्यांत सणांचा मोसम नाताळाआधीच सुरू होतो आणि नाताळाबरोबर संपत नाही. १६ ते २४ डिसेंबर ‘पोसादास’: मारिया-जोसेफ झालेली मुलं गात गात दारोदार आसरा मागतात, शेवटी काठीने ‘पिन्याता’, म्हणजे खाऊने भरलेलं टांगलेलं भांडं, फोडतात आणि खाऊ गोळा करायला झुंबड उडते.

मग ६ जानेवारी, बाळ येशूला भेटायला आलेल्या तीन राजांचा दिवस. पोर्तो रिकोची मुलं आदल्या रात्री खोक्यात गवत भरून पलंगाखाली ठेवतात, राजांच्या उंटांसाठी. सकाळी तिथे खेळणं! मेक्सिकन घरांत त्या दिवशी ‘रोस्का’ हा गोल, गोड पाव कापतात. ज्याच्या तुकड्यात इवलीशी बाहुली निघेल, त्याने २ फेब्रुवारीला सगळ्यांना तमालेस, म्हणजे मक्याच्या पिठाचे वाफवलेले मुटके, खिलवायचे.