दाब, प्रवाह आणि रोध : मोजणी व आकडेमोड

वरच्या प्राथमिक वर्गांत वीज हा विषय शिकविताना सूत्र आधी फळ्यावर लिहिले जाते आणि मग त्यात आकडे घालून उदाहरणे सोडविली जातात. उत्तर बरोबर येते; परंतु रोध म्हणजे काय, हे विद्यार्थ्यास कळलेले असतेच असे नाही. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्यास भरलेल्या शिक्षण परिषदेने हाताने करावयाचे काम हेच शिक्षणाचे केंद्र मानले. त्याच जिल्ह्यातील शाळांत हा क्रम उलटा व्हावा, म्हणजे मोजणी आधी व सूत्र मागाहून यावे, हे उचित होय.

तारेच्या दोन टोकांमधील विद्युत्-दाब व्होल्टमध्ये मोजतात, तीतून वाहणारा प्रवाह अँपिअरमध्ये. दाबास प्रवाहाने भागले असता येणारी संख्या म्हणजे त्या तारेचा रोध. त्याचे एकक ओहम. दाबास प्रवाहाने गुणले असता शक्ती मिळते. तिचे एकक वॅट. एखादी विजेची शेगडी २३० व्होल्ट दाबावर ५ अँपिअर प्रवाह घेत असेल, तर तिचा रोध २३० ÷ ५ = ४६ ओहम आणि शक्ती २३० × ५ = १,१५० वॅट. ती तासभर चालली म्हणजे १.१५ युनिट वीज खर्ची पडते. कारण १,००० वॅटचे उपकरण एक तास चालणे म्हणजेच एक युनिट.

प्रयोगासाठी अशाच जुन्या, निकामी शेगडीतील नायक्रोमची तार उपयोगी पडते. तिचा पाचव्या भागाहून किंचित मोठा तुकडा घेतला की सुमारे १० ओहम रोध मिळतो. अँपिअरमापक तारेशी एकसरीत आणि व्होल्टमापक तिच्या दोन टोकांस समांतर जोडावा. अँपिअरमापक थेट सेलच्या टोकांस जोडल्यास तो बिघडतो. ही चूक एकदा झाली की वर्षभर प्रयोग बंद पडतो. टॉर्चचे एक, दोन आणि तीन सेल क्रमाने एकसरीत लावले असता समजा १.४ व्होल्टला ०.१४, २.९ व्होल्टला ०.२९ आणि ४.२ व्होल्टला ०.४२ अँपिअर असे वाचन मिळाले. तिन्ही वेळा भागाकार १० येतो. येथे एक खाचखळगा आहे. प्रत्येक सेलवर १.५ व्होल्ट छापलेले असते, म्हणून काही मुले व्होल्टमापक न पाहताच १.५, ३ व ४.५ लिहितात. मग रोध १०.७, १०.३, १०.७ असा येतो. प्रवाह घेऊ लागताच सेलचा दाब थोडा उतरतो. त्या मुलांनी दाब मोजला नाही, सेल मोजले.

हा नियम १८२७ मध्ये ग्रंथरूपाने मांडणारा गेओर्ग ओहम हा स्वतः शाळेत शिकवीत असे. सेलचा हाच अस्थिरपणा त्यालाही जाचत होता. म्हणून त्याने दोन धातूंच्या सांध्यांतील तापमानाच्या फरकाने निर्माण होणारा स्थिर दाब वापरला. त्याच्या कामाची प्रथम उपेक्षाच झाली. लंडनच्या रॉयल सोसायटीने कोप्ली पदक दिले ते १८४१ मध्ये.

तारेच्या जागी टॉर्चचा तंतूचा दिवा लावला तर मात्र भागाकार स्थिर राहत नाही. १.५ व्होल्टला ०.२ अँपिअर आणि ३ व्होल्टला ०.३ अँपिअर असे काहीसे वाचन येते, म्हणजे रोध ७.५ वरून १० ओहमवर जातो. तंतू तापतो व तापल्याने त्याचा रोध वाढतो. अशा वेळी विद्यार्थ्याच्या वहीवर लाल रेघ मारली जाते, याहून मोठा अन्याय नाही. त्याने जे पाहिले तेच लिहिले आहे. तापमान स्थिर असता, ही ओहमच्या नियमाची अट पाठ्यात सांगावयाची राहिलेली असते.

रब्बीच्या ओलिताच्या दिवसांत दाब उतरतो, हा अनुभव मुलांच्या घरचाच आहे. तो २३० वरून १८० व्होल्टवर आला, तर उपरोक्त शेगडी १८० ÷ ४६ = ३.९ अँपिअरच घेईल आणि शक्ती सुमारे ७०४ वॅट राहील. दाब पाचव्या हिश्शाहून थोडा अधिक उतरला, पण उष्णता जवळजवळ दोन-पंचमांशाने घटली. कारण शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. विहिरीवरील मोटारीस हे गणित लावू नये. तिला पाणी तेवढेच उचलावयाचे असते, म्हणून दाब उतरला की ती प्रवाह अधिक ओढते. वेटोळ्यात होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गास रोधाने गुणून मिळते. प्रवाह दीडपट झाला तर उष्णता सव्वादोनपट. फ्यूज वारंवार जातो म्हणून त्याच्या जागी जाड तार घातली, की फ्यूजऐवजी मोटारच जळते.

हेच गणित दूरवर वीज नेताना उपयोगी पडते. पॉवरग्रिडच्या वर्धा उपकेंद्रात ७६५ किलोव्होल्टच्या वाहिन्या येऊन मिळतात. तेवढीच शक्ती ४०० ऐवजी ७६५ किलोव्होल्टने नेली, तर प्रवाह निम्म्याच्या आसपास येतो आणि त्याच तारांतील नासाडी चौथाईपेक्षा थोडीच अधिक उरते.

वर्गातील प्रयोग मात्र सेलवरच करावेत, भिंतीवरील जोडणीवर कदापि नव्हे. कारण मुलांकडूनच काढून घ्यावे. ओल्या अंगाचा रोध १,००० ओहम धरला, तर २३० व्होल्टला शरीरातून ०.२३ अँपिअर प्रवाह जाईल. तो प्राण घेण्यास पुरेसा आहे. जीवरक्षक स्वयंचलित खटका ०.०३ अँपिअरलाच वीज तोडतो. तीन सेलच्या ४.५ व्होल्टला हाच प्रवाह ०.००४५ अँपिअर येतो, आणि कोरड्या हाताला त्याहूनही पुष्कळ कमी.