टाइप बदलला की नियम बदलतो

वयाच्या रकान्यात कुणी ‘पंचवीस’ असं अक्षरी लिहिलं, तर ॲपचं पुढचं गणित फसतं. असा डेटा दारातच अडवण्याचं काम व्हॅलिडेशन लायब्ररी करतात. पायथन भाषेतली अशी एक नावाजलेली लायब्ररी म्हणजे सॅम्युएल कॉल्विन यांनी २०१७ साली सुरू केलेली ‘पायडॅन्टिक’.

पायथनमध्ये टाइप हिंटची प्रमाण पद्धत २०१५ साली, ३.५ आवृत्तीत आली. ‘वय ही पूर्णांक संख्या’ असं कोडमध्ये लिहिता येऊ लागलं. पण प्रोग्राम चालताना पायथन स्वतः ते तपासत नाही. ‘मायपाय’सारखी साधनं कोड न चालवताच विसंगती दाखवतात. पायडॅन्टिक मात्र या हिंट प्रोग्राम चालू असताना वाचते आणि त्यांवरूनच नियम ठरवते. त्यामुळे इथे हिंटमधली चूक ही शुद्धलेखनाची चूक उरत नाही. तिच्यामुळे चांगला डेटा परत जातो किंवा वाईट डेटा आत शिरतो.

‘ऑप्शनल’चंच पाहा. पायडॅन्टिकच्या पहिल्या आवृत्तीत मोबाइल क्रमांकाला ही हिंट लावली, की क्रमांक पाठवलाच नाही तरी चालायचं. त्या जागी ‘नन’ हे रिक्त मूल्य आपोआप बसायचं. जून २०२३मध्ये आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत ‘नन’ चालतं, पण रकाना पाठवावाच लागतो. तो गाळायची मुभा हवी असेल, तर ‘नन’ हे डिफॉल्ट मूल्य वेगळं लिहावं लागतं. रकाना रिकामा असणं वेगळं आणि नसणंच वेगळं, हा फरक कोडमध्ये उघडपणे दिसू लागला.

याच आवृत्तीत ‘डिक्ट’ या मेथडची जागा ‘मॉडेल_डम्प’ने घेतली. अशी नावं बदलली, की डॉक्युमेंटेशनमधले जुने संदर्भ लटकतात. ‘स्फिंक्स’ या डॉक्युमेंटेशन बनवणाऱ्या साधनात ‘निटपिकी’ नावाची सेटिंग आहे. ती चालू केली, की ज्या संदर्भाचं लक्ष्य सापडत नाही, अशा प्रत्येकाची वॉर्निंग मिळते. मग कुठे नाव जुनं राहिलंय, कुठे क्लास दुसऱ्या मॉड्यूलमध्ये गेलाय, हे एकेक करून निस्तरता येतं.

पण साधन फक्त लिंक पोहोचते की नाही एवढंच सांगतं. ती ज्या पानावर पोहोचते, तिथे ‘हा रकाना गाळला तरी चालेल’ असं जुनंच वाक्य असेल, तर कोणतीही वॉर्निंग येत नाही. म्हणून हिंट बदलणाऱ्यानेच, त्याच बदलात, ते वाक्यही बदललेलं बरं.