सातव्या महिन्यात चालतं, मग दुसऱ्या महिन्यात का नाही?

ठाण्यात राहणारी मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी सातव्या महिन्यात माहेरी कोल्हापूरला किंवा अकोल्याला जाते, तेव्हा तिचा डॉक्टर बदलतोच. त्याबद्दल घरात कुणी चकार शब्द काढत नाही. तीच मुलगी आठव्या आठवड्यात म्हणाली, ‘मला या मॅडमकडे नको, दुसरीकडे दाखवू या,’ की सगळ्यांच्या कपाळावर आठ्या. ‘मध्येच कशाला?’, ‘दिवस नाजूक आहेत’, ‘त्यांनी चालू केलंय ना, मग त्यांच्याकडेच पुरं होऊ दे.’

वैद्यकीयदृष्ट्या हिशेब नेमका उलटा आहे. पहिल्या तीन महिन्यांत डॉक्टर बदलणं सगळ्यांत सोपं. जसजसे दिवस भरत जातात तसतसं ते अवघड होतं. जपायचं ते एवढंच की या बदलापायी एखादी तपासणी राहायला नको आणि एखादा कागद मागे सुटायला नको. याबाबतचे नेहमी कानावर पडणारे समज एकेक करून तपासू.

गैरसमज १ : एकदा नाव घातलं की बाळंतपण तिथंच करावं लागतं.

वस्तुस्थिती : दवाखान्यात नाव घालणं ही तुमच्या आणि त्यांच्या सोयीसाठी केलेली नोंद असते. तिथंच बाळंत होण्याचं बंधन त्यातून येत नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानं तयार केलेल्या रुग्ण हक्क सनदेत दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेण्याचा हक्क स्पष्टपणे नोंदवला आहे. महाराष्ट्रात शुश्रूषागृह नोंदणीच्या २०२१ च्या सुधारित नियमांनुसार रुग्णालयांनी रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावायची असते. ती भिंतीवर दिसली तर दोन मिनिटं थांबून वाचा.

पॅकेजचे पैसे आधीच भरले असतील तर मात्र पावती शोधा आणि किती परत मिळतील ते सरळ विचारा. दुसऱ्या महिन्यात बहुधा दोन-तीन भेटींची फी आणि काही रक्ततपासण्या एवढाच खर्च झालेला असतो, हाही लवकर ठरवण्याचा एक फायदा.

गैरसमज २ : पहिल्या तीन महिन्यांत डॉक्टर बदलला तर गर्भपाताचा धोका वाढतो.

वस्तुस्थिती : निदान झालेल्या गरोदरपणांपैकी साधारण १० ते २० टक्के आपोआप थांबतात, आणि त्यातली बहुतेक पहिल्या १२ आठवड्यांत. त्यातल्या निम्म्यांच्या आसपास गर्भांच्या गुणसूत्रांमध्येच दोष असतो, तोही बहुधा गर्भधारणेच्या वेळीच ठरलेला. कोणत्या दवाखान्यात दाखवलं, रिक्षानं गेलं की गाडीनं, यावर ते ठरत नाही.

या काळात डॉक्टर मुख्यतः काय करतात? गर्भ गर्भाशयातच आहे ना हे पाहतात, किती आठवडे झाले ते ठरवतात, रक्त तपासतात, फॉलिक अॅसिड सुरू करतात. यातलं सगळं कागदावरून पुढच्या डॉक्टरांना कळतं. वेळेला बांधलेल्या तपासण्या नंतर येतात. एनटी स्कॅन आणि डबल मार्कर ११ ते १४ आठवड्यांच्या दरम्यान, आणि बाळाचे अवयव तपासणारी मोठी सोनोग्राफी १८ ते २० आठवड्यांच्या सुमारास. म्हणून पहिली सोनोग्राफी झाल्यावर आणि अकरावा आठवडा लागण्याआधी बदल करणं सगळ्यांत सोयीचं. निर्णय लांबलाच तर एनटी स्कॅन आधी उरका आणि मग खुशाल दवाखाना बदला.

गैरसमज ३ : आधीच्या मॅडम रागावतील, फाइल देणार नाहीत.

वस्तुस्थिती : रुग्णानं मागितलेली वैद्यकीय कागदपत्रं ७२ तासांत द्यावीत, असं डॉक्टरांच्या व्यावसायिक आचारसंहितेचे २००२ चे नियम सांगतात. शिवाय बदल्या, घर बदलणं, माहेरी जाणं हे स्त्रीरोगतज्ज्ञांना रोजचंच असतं. कारणमीमांसा करत बसायची गरज नाही. ‘आम्ही आता दुसरीकडे दाखवणार आहोत, रिपोर्टच्या प्रती हव्यात,’ एवढं पुरतं.

काय मागायचं ते मात्र पक्कं ठाऊक हवं. पहिल्या सोनोग्राफीचा रिपोर्ट, रक्तगट, हिमोग्लोबिन, साखर आणि थायरॉइड, एचआयव्ही, कावीळ बी आणि व्हीडीआरएलचे अहवाल, चालू औषधांची यादी डोससकट. रक्तगट निगेटिव्ह असेल तर ते नव्या डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा, कारण रक्तस्राव झाला तर अँटी-डी इंजेक्शनचा विचार लगेच करावा लागतो. विदर्भात आणि नंदुरबारसारख्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेलचा रिपोर्टही तितकाच महत्त्वाचा. बाई वाहक निघाली तर नवऱ्याची तपासणी लगेच व्हावी लागते. दोघंही वाहक असतील तर बाळाची तपासणी कधी करायची याला मुदत असते.

गैरसमज ४ : नव्या डॉक्टरांनी वेगळी तारीख दिली, म्हणजे आधीचे चुकले होते.

वस्तुस्थिती : शेवटच्या पाळीवरून काढलेली तारीख आणि सोनोग्राफीवरून काढलेली तारीख क्वचितच तंतोतंत जुळतात. पाळी अनियमित असेल तर नाहीच. रिपोर्टवर सीआरएल अशी नोंद असलेली गर्भाची लांबी ही पहिल्या तिमाहीतली सगळ्यांत भरवशाची मोजपट्टी. सर्वसाधारण नियम असा, की नऊ आठवड्यांपर्यंत पाच दिवसांहून जास्त आणि त्यानंतर चौदाव्या आठवड्यापर्यंत सात दिवसांहून जास्त फरक आला तरच सोनोग्राफीची तारीख धरतात. एकदा धरलेली तारीख पुढच्या सोनोग्राफींनुसार बदलत नाहीत. पहिला रिपोर्ट हरवू द्यायचा नाही तो यासाठीच. नवव्या महिन्यात ‘तारीख उलटली की नाही’ हा प्रश्न त्याच कागदावरून सुटतो.

गैरसमज ५ : ‘ठोके दिसत नाहीत’ म्हणाले, आता दुसरीकडे दाखवून काय उपयोग?

वस्तुस्थिती : दुसरं मत सर्वांत मोलाचं ठरतं ते इथंच. पोटातून नव्हे, आतून केलेल्या सोनोग्राफीत गर्भाची लांबी ७ मिलिमीटर किंवा अधिक असूनही ठोके नसले, किंवा गर्भपिशवीचा सरासरी व्यास २५ मिलिमीटर किंवा अधिक असूनही आत गर्भ दिसत नसला, तरच गर्भ वाढत नसल्याचं खात्रीनं म्हणतात. मापं त्याहून लहान असतील तर सात ते चौदा दिवसांनी पुन्हा पाहतात, कारण दिवस मोजण्यात चूक झालेली असू शकते. जोरात रक्तस्राव, ताप किंवा असह्य दुखणं नसेल तर पिशवी साफ करण्याआधी दुसऱ्यांदा सोनोग्राफी करून घ्या, तेवढा वेळ हाताशी असतो.

अपवाद एकच, पण जिवाशी गाठ घालणारा. पोटाच्या एका बाजूला तीव्र कळ, चक्कर, खांदा दुखणं किंवा खूप रक्तस्राव असेल तर गर्भ नळीत रुजलेला असू शकतो. अशा वेळी डॉक्टर आपला की परका हे पाहू नका. शस्त्रक्रियेची सोय असलेलं जवळचं रुग्णालय गाठा.

गैरसमज ६ : जास्त गोळ्या, इंजेक्शनं आणि सक्त विश्रांती सांगतो तो डॉक्टर काळजी घेणारा.

वस्तुस्थिती : डॉक्टर बदलण्यामागं बरेचदा हीच तुलना असते. ‘जावेला पहिल्या महिन्यापासून इंजेक्शनं होती, मला काहीच दिलं नाही.’ गर्भ टिकावा म्हणून दिलं जाणारं प्रोजेस्टेरॉन सरसकट सगळ्यांना उपयोगी पडत नाही. आधी गर्भपात झालेला आहे आणि आता रक्तस्राव होतोय, अशा बायकांना त्याचा फायदा होऊ शकतो, असं अभ्यासांतून दिसलं आहे. पलंगावर पडून राहिल्यानं गर्भपात टळतो, याला पुरावा नाही. तेव्हा फॉलिक अॅसिडची एकच गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरांना निष्काळजी ठरवू नका.

याची दुसरी बाजूही आहे. डॉक्टर बदलण्याच्या आठवड्यात आधीची औषधं मनानं बंद करू नका. थायरॉइड, रक्तदाब, फिट्स, मधुमेह यांच्या गोळ्या नव्या डॉक्टरांनी पाहेपर्यंत चालूच राहायला हव्यात. प्रोजेस्टेरॉन चालू असेल तर तेही.

गैरसमज ७ : नवे डॉक्टर सगळ्या सोनोग्राफी पुन्हा करतील आणि बाळाला त्रास होईल.

वस्तुस्थिती : सोनोग्राफीत ध्वनिलहरी असतात, क्ष-किरण नसतात. वैद्यकीय कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीनं गर्भाला इजा होते असं आढळलेलं नाही. तरीही चांगला रिपोर्ट हाताशी असताना ती पुन्हा कशासाठी, हे विचारायला हरकत नाही. प्रत्येक वेळी ओळखपत्र मागतात आणि फॉर्म भरून घेतात ते १९९४ च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यामुळे. त्यात संशय घेण्याजोगं काही नाही. ‘तिकडे सांगतात’ म्हणून कुणी दवाखाना बदलायला सुचवत असेल, तर तो सल्ला गुन्ह्याकडे नेणारा आहे.

गैरसमज ८ : दवाखाना बदलला की सरकारी पैसे बुडतात.

वस्तुस्थिती : प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी दोन हप्त्यांत ५,००० रुपये आणि दुसरं अपत्य मुलगी असल्यास ६,००० रुपये मिळतात. पैसे आईच्या खात्यात येतात आणि ते एका ठरावीक दवाखान्याशी जोडलेले नसतात. गरोदरपणाची नोंद, तपासणी, पुढे जन्मनोंद आणि लसीकरण हे टप्पे वेळेत व्हावे लागतात. बारा आठवड्यांच्या आत आशाताई किंवा आरोग्यसेविकेकडे नोंद करून माता-बाल संरक्षण कार्ड घ्या आणि खासगीत दाखवत असलात तरी ते भरून घेत जा. सासर-माहेर, खासगी-सरकारी अशा सगळ्या बदलांत ते कार्ड सोबत येतं.

गैरसमज ९ : मोठं हॉस्पिटल सिझरच करतं, छोट्या दवाखान्यात नॉर्मल होतं.

वस्तुस्थिती : राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९–२१ च्या फेरीनुसार देशात २१.५ टक्के बाळंतपणं सिझेरियननं झाली, महाराष्ट्रात २५.४ टक्के. खासगी रुग्णालयांत हे प्रमाण देशभरात ४७.४ टक्के, तर सरकारीत १४.३ टक्के. आकडा विचार करायला लावणारा आहे, पण इमारतीच्या आकारावरून अंदाज बांधू नका. गुंतागुंतीच्या बाळंतपणांसाठी जिथं बायका पाठवल्या जातात, तिथं सिझरचं प्रमाण जास्त असणारच.

त्यापेक्षा हे विचारा : रात्री दोन वाजता कळा आल्या तर कोण डॉक्टर हजर असतात? भूलतज्ज्ञ किती वेळात येतात? रक्त कुठून येतं? बाळाला काचेच्या पेटीची गरज पडली तर ती इथंच आहे की दुसरीकडे न्यावं लागेल? पहिलं सिझर असेल तर दुसऱ्यांदा नॉर्मलचा प्रयत्न इथं करतात का?

मग ठरवायचं कसं?

प्रश्न विचारला की झिडकारतात, तपासताना खाजगीपणा जपत नाहीत, रिपोर्ट समजावून सांगत नाहीत, किंवा जुळं, हृदयविकार, रक्तदाब असं काही असताना तिथं सोयच नाही; ही डॉक्टर बदलण्याची चांगली कारणं आहेत. घर आणि दवाखाना यांत दोन तासांचं अंतर असेल तर तेही कारण पुरेसं आहे. शेजारणीला गोड बोलणारे डॉक्टर मिळाले, किंवा अर्धा तास थांबावं लागलं, एवढ्यावरून घाई नको. मनात शंका असेल तर आधी एकदा फक्त मत घेऊन या आणि मग ठरवा.

ठरवलंत, की नव्या डॉक्टरांची वेळ पक्की झाल्याशिवाय जुन्या दवाखान्यातली पुढची तारीख रद्द करू नका. आणि शेवटी माहेरीच बाळंत व्हायचं असेल, तर सातवा महिना लागेपर्यंत कशाला थांबायचं? चौथ्या-पाचव्या महिन्यात तिकडे गेलात की एकदा तिथल्या डॉक्टरांना फाइल दाखवून या. तिथंही नाव लवकर घातलेलं बरं.