दात्यांचा हिशेब (लेखांक सहावा)

इंजिनात उत्पन्न झालेली शक्ती क्लचमधून गिअरबॉक्सपर्यंत कशी पोहोचते, हे गेल्या लेखांकात आपण पाहिले. तेथून मागच्या चाकापर्यंतचा अखेरचा टप्पा मात्र पुढचे लहान स्प्रॉकेट, मागचे मोठे स्प्रॉकेट आणि त्यांना जोडणारी साखळी यांच्या स्वाधीन असतो, आणि स्पोर्ट मोटारसायकलीचा स्वभाव अल्प खर्चात पालटू पाहणाऱ्या तरुणाचे लक्ष सर्वप्रथम जाते ते याच चेनसेटकडे.

उदाहरणादाखल चाकणला तयार होणारी केटीएम ३९० ड्यूक घेऊ. २०१३ साली भारतात आलेल्या तिच्या पहिल्या आवृत्तीत पुढे १५ आणि मागे ४५ दाते होते, म्हणजे पुढचे चक्र तीनदा फिरे तेव्हा मागचे चाक एकदा फिरे. पुढे १४ दात्यांचे चक्र बसविले की हे प्रमाण ३.२१ होते आणि चाकाला मिळणारा टॉर्क सुमारे सात टक्क्यांनी वाढतो. परंतु ज्या वेगाला इंजिनाचे मिनिटाला ६,००० फेरे होत, त्याच वेगाला, त्याच गिअरमध्ये, आता सुमारे ६,४३० होतात. उलट १६ दाते बसविले, तर तेच फेरे ५,६२५ वर उतरतात, इंजिन शांत चालते, मात्र पिकअप मंदावतो. मागे तीन दाते वाढविण्याचे फळही पुढचा एक दाता कमी केल्यासारखेच असल्यामुळे सूक्ष्म फेरफार करावयाचा तो मागच्या चक्रावरच करावा. या सर्व व्यवहारात इंजिनाची अश्वशक्ती तसूभरही वाढत नाही; ती कोठे खर्च करावी, एवढाच अधिकार आपल्या हाती येतो.

आणि हा खर्च ज्याने त्याने आपल्या रोजच्या वाटेकडे पाहूनच ठरविला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. वाशी तालुक्यातील स्वार एकाच दिवसात दोन अगदी भिन्न वाटांवरून जातो : बालाघाटाच्या पठारावरील गावोगावच्या अरुंद, वळणावळणाच्या रस्त्यांवर, हंगामात उसाच्या ट्रॅक्टरमागे दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये रेंगाळत, आणि तेरखेड्याला, फटाक्यांच्या त्या प्रसिद्ध गावाला, सोलापूर-धुळे महामार्ग लागला की चौपदरी मार्गावरून तासन्‌तास एकाच वेगाने. ज्याचा वावर पहिल्या प्रकारचा, मागे बहुधा कोणी बसलेले आणि येरमाळ्याकडची चढण नित्याची, त्याला १४ दात्यांचा लाभ खरोखर जाणवेल. ज्याला वरचेवर सोलापूर किंवा छत्रपती संभाजीनगर गाठावयाचे असते, त्याने कंपनीचे मूळ प्रमाण बदलू नये. कारण वाढलेल्या फेऱ्यांचा कंप आणि पेट्रोलचा वाढता खप तो प्रत्येक मैलावर सोसणार असतो. केवळ टॉप वाढावा म्हणून १६ दाते बसविणाऱ्याची तर अनेकदा निराशा होते, कारण समोरच्या वाऱ्याला रेटून सहाव्या गिअरमध्ये ते फेरे गाठण्याइतके बळ इंजिनात उरतेच असे नाही.

लहान चक्राची किंमत साखळीलाही मोजावी लागते. १५ दात्यांवरून वळताना प्रत्येक कडी २४ अंशांत वाकते, १४ वर ती जवळजवळ २६ अंशांत वाकते. झीज त्या मानाने वाढते, आणि साखळी स्विंगआर्मच्या रबरी पट्टीच्या अधिक निकट येते. ज्या गाड्यांत वेगाची नोंद गिअरबॉक्सकडून घेतली जाते, त्यांचा स्पीडोमीटर या बदलानंतर खऱ्याहून अधिक वेग दाखवू लागतो. चाकावरून नोंद घेणाऱ्या गाड्यांत ही तफावत पडत नाही. वॉरंटीच्या दस्तऐवजातील अटीही काम हाती घेण्यापूर्वी वाचून ठेवाव्यात.

प्रत्यक्ष कामात पुढच्या चक्राचा नट सर्वांत आधी, साखळी जागेवर असतानाच, कोणाला तरी मागचा ब्रेक घट्ट दाबून धरावयास सांगून सैल करावा. साखळी उतरवल्यावर हाच नट पान्याबरोबर नुसता फिरत राहतो. पुढे एक दाता कमी झाला की मागचा आस सुमारे चार मिलिमीटर मागे सरकवावा लागतो, तेव्हा ॲडजस्टरच्या खुणांत तेवढी जागा शिल्लक आहे की नाही, हे नवे चक्र विकत आणण्यापूर्वीच पाहावे. जुनी, ताणलेली साखळी नव्या चक्रावर चढविण्याचा मोह टाळावा, कारण ती नवे दाते अल्पावधीत खाऊन टाकते. जोडाला क्लिप असल्यास तिचे बंद टोक साखळी ज्या दिशेने धावते त्या दिशेला ठेवावे. आस दोन्ही बाजूंना समान खुणेवर आणून, नट कंपनीने नेमून दिलेल्या मापाने आवळून, गाडी स्टँडवर घेऊन चाक हाताने सावकाश फिरवीत साखळीची ढील अनेक ठिकाणी तपासावी. ही ढील किती असावी आणि स्वार बसल्यावर ती का बदलते, याचा विचार पुढील आठवड्यात करू.