दगडी पाला कोणता, गाजरगवत कोणतें ?

गेल्या वर्षीं आश्विनाच्या आरंभीं आठवीच्या विद्यार्थ्यांस घेऊन आम्ही पन्हाळ्याहून मसाई पठाराकडे पायीं चाललों असतां एक लहानसा प्रसंग घडला. एक मुलगा खडकावरून घसरला व त्याच्या गुडघ्यांतून रक्त वाहूं लागलें. "दगडी पाला आणतों," असें म्हणून त्याचा सोबती धांवत गेला आणि क्षणांत मूठभर पाला चुरगाळीत परत आला. तो पाला जखमेवर दाबला जाण्यापूर्वींच आम्हीं त्याचा हात धरला; कारण त्याच्या मुठींत दगडी पाला नव्हता, गाजरगवत होतें. "सर, पांढरें फूल पाहूनच आणलें," असें तो बिचारा म्हणाला. त्याचें म्हणणें खोटें नव्हतें. दोहोंचीं फुलें पांढरट असतात, दोन्ही झाडें एकाच कुळांतील, आणि पुष्कळदां तीं एकाच बांधावर शेजारीं शेजारीं वाढतात.

सूर्यफूल, झेंडू, शेवंती, शेतांतला कारळा, इतकेंच नव्हे तर चैत्रांत जोतिबास वाहिला जाणारा दवणा, हीं सारीं याच कुळांतलीं. पृथ्वीवर या कुळाच्या तीस हजारांहून अधिक जाती आहेत. या कुळाची एक मौज अशी कीं, ज्यास आपण एक फूल म्हणतों तें एक फूल नसतेंच. तो पुष्कळ बारीक फुलांचा मेळा असतो. शास्त्रांत त्यास स्तबक म्हणतात. सूर्यफुलाच्या मधल्या तबकडींतील प्रत्येक ठिपका हें एक स्वतंत्र फूल, आणि कडेची प्रत्येक पिवळी पाकळी हेंही एक फूलच. म्हणून रानांत या कुळाचें झाड हातीं आलें म्हणजे रंग मागाहून पाहावा. स्तबकाच्या कडेस पाकळीसारखीं फुलें आहेत कीं नाहींत, हें प्रथम पाहावें.

दगडी पाला, म्हणजेच एकदांडी, हिला तीं आहेत. बहुधा पांच-सहा, फिकट पिवळसर पांढरीं, आणि प्रत्येकीच्या टोंकास तीन दांते. झाड जमिनीसरसें पसरतें, परंतु वीतभर उंच अशा एका उघड्या दांडीवर एकच स्तबक डोलत असतो. नांव त्यावरूनच पडलें. पानें समोरासमोर, केसाळ व कडेस करवतीसारखीं कातरलेलीं. याचा पाला जखमेवर चोळण्याची रीत आपल्याकडे वाडवडिलांपासूनची समजली जाते. गंमत ही कीं, हें झाड मूळचें अमेरिकेंतलें ! तें इतकें आपलेंसें झालें कीं त्याचें परकेपण कोणाच्या ध्यानींही राहिलें नाहीं. (आम्हीं त्या दिवशीं गुडघा पिण्याच्या पाण्यानें धुऊन स्वच्छ रुमाल बांधला. धुळीनें माखलेला कोणताही पाला उघड्या जखमेवर चोळणें आम्हांस पसंत नाहीं.)

गाजरगवतासही कडेचीं फुलें पांचच, परंतु तीं इतकीं इवलीं कीं भिंगावांचून पाकळी वाटूं नयेत. स्तबक ज्वारीच्या दाण्याएवढा, आणि तसे शेंकडों स्तबक फांद्याफांद्यांच्या शेंड्यांवर. दांडी मोजली तरी काम भागतें : एका दांडीवर एक तर दगडी पाला, झुबकेच्या झुबके तर गाजरगवत. फूल नसेल तेव्हां पान पाहावें. गाजराच्या पाल्यासारखें चिरलेलें पान, आणि खोडावर पानें समोरासमोर नसून एकाआड एक. पावसाळ्यांत पानांवर तपकिरी नागमोडी रेषांचे पांढरट भुंगेरे बसलेले दिसले तर ओळख पक्की समजावी. हे भुंगेरे मेक्सिकोंतून आणून १९८४ सालीं बंगळुरास याच झाडाच्या नाशासाठीं सोडण्यांत आले होते.

ही ओळख आम्ही एवढ्या आग्रहानें कां सांगतों ? गाजरगवत हेंही अमेरिकेचेंच. १९५५ च्या सुमारास पुण्यांत तें लोकांच्या नजरेस आलें व पुढें देशभर पसरलें. त्याच्या अंगीं पार्थेनिन नांवाचें द्रव्य असतें. पहिल्याच स्पर्शास बहुधा कांहीं होत नाहीं, आणि तेथेंच माणूस फसतो. वर्षानुवर्षें उघड्या हातांनीं तें उपटणाऱ्या कित्येकांच्या कातडीस मग एकाएकीं कंड सुटते. मान, कोपर व पापण्या यांवर चट्टे उठतात. एकदां ही खोड जडली कीं नुसत्या वाऱ्यावर उडालेल्या त्याच्या कणांनींही त्रास होतो. आमच्या परिचयाच्या एका शेतकरी गृहस्थांस याच कारणानें स्वतःच्या उसाच्या बांधावर जाणें सोडावें लागलें. पालकांनीं हें तण मुलांकडून उपटवून घेऊं नये. स्वतः उपटावयाचें तर हातमोजे घालून, फुलावर येण्यापूर्वीं उपटावें.

आतां ज्यांच्या स्तबकांस कडेचीं फुलें मुळींच नसतात अशी एक जोडी. ओसाडी आणि रानमोडी. दोन्हींचीं पानें समोरासमोर, दोन्हींस उग्र वास, दोन्हींचीं फुलें पांढरीं किंवा फिकट जांभळीं. ओसाडी गुडघा-मांडीएवढी, मऊ खोडाची, वर्षांत मरणारी. रानमोडी हें खरें झुडूप. पुरुषभर उंच वाढतें आणि आधार मिळाल्यास झाडांवर चढतें. दाजीपूर-राधानगरीच्या बाजूस रस्त्यांच्या कडा त्यानें व्यापलेल्या दिसतात. गुरें त्यास तोंड लावीत नाहींत, वाळलें कीं तें भडकन् पेटतें, आणि वणव्यानंतर बुंध्यांतून पुन्हां फुटतें. एकोणिसाव्या शतकांत शोभेसाठीं म्हणून कलकत्त्याच्या वनस्पतिउद्यानांत आणलेलें हें झाड ! घाटमाथ्यावरची आपली सोनकी याच कुळांतली खरी, पण ती सह्याद्रीचीच कन्या. रानमोडी जेथें दाट माजते, तेथें असल्या लहान झाडांस ऊन कोठून मिळावें ?

म्हणून रानमोडी रोपटें असतांच ओळखतां आली पाहिजे. आणि रोपटें ओसाडीएवढेंच असतें, ही अडचण. त्यासाठीं पान उलटें करून पाहावें. रानमोडीच्या त्रिकोणी पानांत देंठाजवळून तीन ठळक शिरा त्रिशूळासारख्या निघतात. ओसाडीच्या पानांतही बुडाशीं तीन शिरा दिसूं शकतात, परंतु तें पान अंडाकृति, मऊ व बोथट दांत्यांचें असतें. तरीही संशय राहिला तर हिंवाळ्यापर्यंत थांबावें व सुकलेला स्तबक तळहातावर चोळून भिंगाखालीं धरावा. रानमोडीच्या बींच्या डोक्यावर पांढऱ्या केसांचा झुबका असतो, आणि आपण फुंकर घालण्यापूर्वींच तें उडून जातें. ओसाडीच्या काळ्या बींवर केस नसतात. तेथें पांच लहान खवले असतात व प्रत्येकाचें टोंक सुईसारखें निमुळतें झालेलें असतें.