फाशी रद्द करावी का?

3 जून 1949. संविधान सभेपुढे प्रश्न होता: फाशी झालेल्या प्रत्येकाला सर्वोच्च न्यायालयात अपिलाचा हक्क असावा का? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याहून पुढे जाऊन फाशीच रद्द करण्याला पसंती दिली. अहिंसेचे तत्त्व मानणाऱ्या देशाला हेच शोभते, असे त्यांचे म्हणणे होते.

तसे झाले नाही. 1980 मध्ये बचन सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फाशी घटनात्मक ठरवली, पण ‘दुर्मिळातील दुर्मीळ’ प्रकरणांपुरती. 2015 मध्ये विधी आयोगाने दहशतवाद व देशाविरुद्धचे युद्ध वगळता ती रद्द करण्याची शिफारस केली.

महाराष्ट्रातही दोन्ही प्रवाह दिसतात. डिसेंबर 2021 मध्ये विधिमंडळाने शक्ती विधेयक मंजूर करून बलात्काराच्या अतिगंभीर गुन्ह्यांसाठी फाशीची तरतूद केली. पुढच्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने कोल्हापूर बालहत्याकांडातील दोन बहिणींची फाशी जन्मठेपेत बदलली. त्यांच्या दयेच्या अर्जांचा निकाल लागायला सात वर्षांहून अधिक काळ गेला होता.

फाशीचे समर्थक गुन्हेगारांना बसणारा धाक आणि पीडितांना मिळणारा न्याय पुढे करतात. पीडितांचे दुःख खरेच आहे. पण न्यायाधीशही माणूसच असतो. चुकून तुरुंगात टाकलेल्याला सोडता येते, फासावर दिलेल्याला नाही. म्हणून बाबासाहेबांचा प्रश्न संसदेने पुन्हा गांभीर्याने चर्चेला घ्यायला हवा.