रंगीत गल्लीतील निवांत सुट्टी

पारनेर : बेताचा पाऊस आणि उघडे माळरान लाभलेल्या पारनेर तालुक्यातील रहिवाशांना सुट्टी म्हटली की पाण्याकाठचे गाव खुणावते. इटलीच्या किनाऱ्यावरील पिवळ्या, गुलाबी, निळ्या घरांची गावे चित्रांतून आता परिचित झाली आहेत. व्हिसा आणि विमानखर्चामुळे ती अनेकांच्या आवाक्याबाहेर राहतात. मात्र तशाच रंगांची एक वस्ती पणजीत आहे. तिचे नाव फोंताइन्हास.

आल्तिन्हो टेकडी आणि खाडी यांच्यामध्ये ही वस्ती वसली आहे. टेकडीच्या पायथ्याच्या झऱ्यावरून तिला हे नाव मिळाले. अरुंद गल्ल्या, कौलारू छपरे, कठड्यांचे सज्जे आणि निळ्या-पांढऱ्या फरशांवरील घरांची नावे ही तिची ओळख. १८४३ मध्ये पणजी पोर्तुगीज गोव्याची अधिकृत राजधानी झाली. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, तरी येथील घरांची घडण बदलली नाही.

रंगांमागे केवळ हौस नाही. जुन्या भिंती जांभ्या दगडाच्या व चुन्याच्या गिलाव्याच्या आहेत. कोकणपट्टीतील मुसळधार पावसात त्यांचा रंग उतरतो. पावसाळ्यानंतर घर रंगविण्याचा पोर्तुगीज अमलात दंडक होता आणि पांढरा रंग चर्चसाठी राखला जाई, असे सांगितले जाते. चुन्याच्या रंगातून भिंतीतील ओल बाहेर पडते. सिमेंटचा गिलावा किंवा तैलरंग दिल्यास ती आतच कोंडते आणि पोपडे सुटू लागतात. म्हणूनच अशा घराची निगा हा मालकावरील कायमचा खर्च ठरतो.

पर्यटकांची गर्दी ही रहिवाशांची दुसरी चिंता आहे. ज्या दारापुढे छायाचित्रे काढली जातात, त्या दारामागे कुटुंबे राहतात. त्यामुळे काही घरांवर छायाचित्रास मनाई करणाऱ्या पाट्या लागल्या आहेत. इटलीलाही हा प्रश्न चुकलेला नाही. पोर्तोफिनो या किनारी गावाने २०२३ मध्ये गर्दीच्या जागी रेंगाळणाऱ्यांवर २७५ युरोपर्यंत दंड आकारण्याचा नियम केला. १९९७ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या चिंक्वे तेर्रे येथील प्रसिद्ध पायवाट २०१२ मध्ये दरड कोसळल्याने बंद पडली. २०२४ मध्ये ती खुली झाली, पण पर्यटकांना तेथे तिकीट काढावे लागते.

पारनेरहून फोंताइन्हासला जाणे अवघड नाही. निजामुद्दीन-वास्को गोवा एक्स्प्रेस अहिल्यानगर स्थानकावर थांबते. तिने मडगावला उतरून बसने पणजी गाठता येते. वस्तीतील काही जुन्या घरांतच पर्यटकांच्या निवासाची सोय आहे. तेथे उतरल्यास भाड्याचे पैसे त्याच घरांच्या डागडुजीला हातभार लावू शकतात.

निवांतपणा हवा असेल, तर सकाळी लवकर पायी फिरावे. वाहन गल्लीबाहेर ठेवावे, आवाज बेताचा असावा आणि कोणाच्या दारापुढे कॅमेरा उघडण्यापूर्वी घरच्यांना विचारावे. मुले बरोबर असल्यास सायंकाळी जवळच मिरामारचा किनाराही आहे.